खाणीच्या टाकाऊ मातीतले जड धातू आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं बरंचसं काम एसईएमच्या, म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यासमोर बसून होतं. नमुने घेऊन येणाऱ्यांत एमएस्सी-पीएचडीचे विद्यार्थी असतात, सल्लागार असतात, आणि अधूनमधून शेतातली माती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणणारे गावकरीही असतात. प्रत्येकाची अडचण वेगळी असली तरी प्रश्न पुष्कळदा तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत.

प्रयोगशाळेतून शिशाचा आकडा आला आहे. मग सूक्ष्मदर्शक कशाला?

आकड्यावरून शिसं किती आहे ते कळतं. ते कुठल्या रूपात बसलं आहे, हे त्यावरून कळत नाही. समजा, दोन डब्यांत खाणीची माती आहे आणि दोन्हींत किलोमागे ५०० मिलिग्रॅम शिसं आहे. पहिल्या डब्यात ते गॅलेना या सल्फाइड खनिजाचं आहे आणि गॅलेनाचे कण गारगोटीच्या आत चहूबाजूंनी बंद आहेत. दुसऱ्यात ते सेरुसाइटचं, म्हणजे शिशाच्या कार्बोनेटचं आहे, आणि पिठासारखं मोकळं आहे. प्रयोगशाळेत बारीक दळून तीव्र आम्लात उकळल्यावर दोन्ही डबे सारखाच आकडा देतात. पण हीच माती बोटांना लागून लहान मुलाच्या पोटात गेली, तर पहिल्या डब्यातलं शिसं बहुतेक आलं तसं बाहेर पडेल. दुसऱ्यातलं जठराच्या आम्लात लगेच सुटेल. शहाबादी फरशीवर अ‍ॅसिड सांडलं की काय होतं ते आपण पाहिलेलं असतं. कार्बोनेटचा स्वभावच तो.

म्हणून माझा पहिला प्रश्न ‘किती?’ हा नसतो. धातू कुठल्या खनिजात आहे, कणाचा आकार केवढा आहे आणि तो कण उघडा आहे की बंद, हे मला आधी हवं असतं. सूक्ष्मदर्शक या तिन्हींची उत्तरं एकाच चित्रात देऊ शकतो.

याचं एखादं खरं उदाहरण आहे का?

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातलं पिचर. या गावाबद्दल मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते.

ओक्लाहोमा, कॅन्सस आणि मिसूरी या तीन राज्यांच्या सीमेवर शिसं आणि जस्ताच्या खाणींचा मोठा पट्टा होता. पिचर त्याच्या मधोमध, क्वापॉ या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर वसलेलं. खनिज दळून, पाण्यात हलवून जड भाग वेगळा काढला की उरणाऱ्या खडीला तिथे ‘चॅट’ म्हणतात. ही खडी मुख्यतः चर्टची, म्हणजे गारगोटीच्याच जातीच्या कठीण दगडाची. तिचे ढीग काही ठिकाणी ६० मीटरपर्यंत उंच गेले. १९७० च्या सुमारास खाणी बंद झाल्या, पंप थांबले, पाणी आत भरत गेलं आणि १९७९ मध्ये लोह आणि जस्त घेऊन वर आलं. टार क्रीक नावाचा ओढा तांबडा झाला. १९८३ मध्ये हा परिसर सरकारच्या सुपरफंड यादीत, म्हणजे सफाईची गरज असलेल्या प्रदूषित जागांच्या यादीत गेला.

तोवर चॅट घरोघरी पोचलं होतं. रस्त्यांवर, अंगणांत, मुलांच्या वाळूच्या हौदांतही. मुलं त्या ढिगांवरून घसरगुंडी खेळत. १९९० च्या दशकात रक्त तपासलं तेव्हा तिथल्या मूळनिवासी मुलांपैकी साधारण एकतृतीयांश मुलांत शिसं त्या वेळच्या धोक्याच्या पातळीच्या वर निघालं. शेवटी सरकारने लोकांची घरं विकत घेतली. मे २००८ मध्ये चक्रीवादळाने उरलेलं गाव मोडलं आणि २००९ मध्ये पिचरची नगरपालिका विसर्जित झाली.

आता सूक्ष्मदर्शकाचा संबंध. चॅट हातात घेतलं तर ती निव्वळ खडी वाटते. पण चाळण्या लावून आकारानुसार वेगळं केलं की जसजसा कण बारीक होतो तसतसं शिसं, जस्त आणि कॅडमियमचं प्रमाण चढत जातं. म्हणजे सरासरी आकडा ज्या खडीचा होता ती मुलांच्या तोंडात जात नव्हती. जात होती ती तिच्यातली धूळ. असं बारीक चूर्ण उघड्यावर पडलं आणि शेजारी चुनखडक असला, की गॅलेनाच्या कणावर बाहेरून कार्बोनेटचं कवच चढू लागतं. एसईएममध्ये ते स्वच्छ दिसतं: मध्ये लख्ख पांढरा गाभा, भोवती थोडी मळकट कड. ती कड काही मायक्रोमीटरचीच असते. तरी पोटातल्या आम्लाशी पहिली गाठ तिचीच पडणार.

पडद्यावर नेमकं काय दिसतं?

राखाडी रंगाच्या छटा, आणि त्याच सर्वात उपयोगी असतात. इलेक्ट्रॉनांचा झोत नमुन्यावर पडला की त्यातले काही इलेक्ट्रॉन उलटे फिरतात. अणू जितका जड तितके जास्त इलेक्ट्रॉन परततात आणि ती जागा तितकी उजळ दिसते. याला बीएसई चित्र म्हणतात. खनिजाचा सरासरी अणुक्रमांक काढला तर गारगोटीचा सुमारे ११ येतो, पायराइटचा (लोहाचं सल्फाइड) २१, स्फॅलेराइटचा (जस्ताचं सल्फाइड) २५, सेरुसाइटचा ६५ आणि गॅलेनाचा ७३. त्यामुळे उजळपणा मुद्दाम इतका खाली आणता येतो, की सगळी वाळू काळी होऊन नाहीशी होते आणि फक्त शिशाचे ठिपके उरतात. हजारो कणांतून धातू शोधण्याची ही सर्वात जलद पद्धत आहे.

ठिपका सापडला की झोत त्यावर थांबवायचा. तिथून निघणारे क्ष-किरण ईडीएस शोधक मोजतो आणि कुठली मूलद्रव्यं आहेत ते सांगतो.

उजळ कण म्हणजे शिसंच ना?

नाही, आणि घाई केली की सर्वात जास्त चुका इथेच होतात. बॅराइट उजळ दिसतं, झिरकॉन दिसतं, मोनाझाइट दिसतं. ही तिन्ही अगदी साध्या वाळूतही सापडतात.

त्याहून मोठा घोळ ईडीएसच्या वर्णपटात, म्हणजे क्ष-किरणांच्या ऊर्जेच्या आलेखात होतो; त्यात प्रत्येक मूलद्रव्याची शिखरं ठरलेल्या ऊर्जेवर येतात. गंधकाचं शिखर २.३१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर येतं आणि शिशाचं एक शिखर २.३४ वर. ईडीएसला ही दोन वेगळी दिसत नाहीत. एकदा एक विद्यार्थिनी दुसरीकडे केलेला अहवाल घेऊन आली. त्यात सगळीकडे ‘शिसं आणि गंधक, म्हणून गॅलेना’ असं लिहिलं होतं. सॉफ्टवेअरने शिखराला आपोआप दिलेलं नाव कुणी तपासलंच नव्हतं. तेच कण आम्ही पुन्हा पाहिले तेव्हा निम्म्याहून अधिक कणांत गंधक नव्हतंच. ते सेरुसाइट होतं. वर सांगितलेल्या दोन डब्यांची अदलाबदल झाली होती, आणि तीही चुकीच्या दिशेने: धोकादायक माती निरुपद्रवी ठरली होती. तिचं दीड वर्षाचं काम त्या एका नावावर उभं होतं. मला ते आजही लागतं.

उपाय आहे. व्होल्टेज २० ते २५ किलोव्होल्टपर्यंत वाढवलं की शिशाची वरची शिखरं, १०.५५ आणि १२.६१ वरची, दिसू लागतात आणि शिसं पक्कं होतं. गंधक आहे की नाही याचा निकाल मात्र डब्ल्यूडीएसने, म्हणजे तरंगलांबीनुसार वेगळं करणाऱ्या शोधकाने लावावा. कार्बोनेट ओळखायला कार्बनच्या शिखरावर विसंबू नका, कारण नमुन्यावर आपणच कार्बनचा थर दिलेला असतो.

आर्सेनिक आणि शिसं यांचंही असंच आहे: १०.५४ आणि १०.५५. दोन्ही असण्याची शक्यता असेल तर आर्सेनिकचं ११.७३ वरचं शिखर शोधल्याशिवाय काही लिहू नका. जस्त आणि सोडियमचीही खालच्या ऊर्जेला टक्कर होते.

नमुना कसा आणायचा आणि कसा तयार करायचा?

यंत्रावर जितका वेळ जातो त्याहून जास्त इथे द्यावा असं माझं ठाम मत आहे.

ओला नमुना १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये टाकू नका. खाणीच्या मातीत पाणी धरून असलेले सल्फेट क्षार असतात. ते तापले की त्यांचं खनिजच बदलतं. ४० अंशांच्या खाली, शांतपणे वाळवा. टेलिंग्जचा, म्हणजे दळून उरलेल्या गाळाचा नमुना सल्फाइडयुक्त असेल तर तो ओला आणि उघडा ठेवला की पिशवीतच गंजत राहतो. हवा काढून, थंड जागी ठेवा. पिशवीवर जागा, खोली आणि तारीख लिहा. ‘डंप १’ एवढ्याच नावाच्या पिशव्या माझ्या कपाटात आहेत, आणि त्यांचा आता कुणालाही उपयोग नाही.

मग चाळणी. सगळी माती एकत्र बघण्यात अर्थ नाही. मुलांच्या हाताला चिकटते ती साधारण १५० मायक्रोमीटरच्या खालची, आणि श्वासातून आत जाते ती १० च्या खालची.

कण नुसते कार्बन टेपवर चिकटवूनही बघता येतात. त्यांचा आकार आणि पृष्ठभाग छान दिसतो. पण आत काय दडलंय ते दिसत नाही. त्यासाठी कण इपॉक्सी रेझिनमध्ये बसवून, घासून, चकचकीत पॉलिश करून त्यांचा काप उघडा करावा लागतो. इथे एक फसगत आहे, जिच्यातून मी स्वतः गेले आहे. गॅलेनाची घनता ७.६ आणि गारगोटीची २.६५. रेझिन घट्ट होईपर्यंत जड कण तळाशी जाऊन बसतात. वरचा भाग पॉलिश केला तर शिसं दिसतच नाही, खालचा केला तर जिकडेतिकडे शिसंच. ठोकळा घट्ट झाल्यावर तो उभा कापायचा, कापलेली बाजू वर करून पुन्हा रेझिनमध्ये बसवायचा आणि मग पॉलिश करायचा. एक दिवस जास्त लागतो. तो द्यायचा.

पॉलिश करताना पाणी वापरलं तर विरघळणारे क्षार वाहून जातात. नेमके तेच क्षार पहिल्या पावसात धातू सोडतात, म्हणून तेल किंवा अल्कोहोल वापरा. पॉलिशची चकती शिशाची नाही ना, हेही विचारा. जुन्या कार्यशाळांत तशा चकत्या असतात, आणि मग नमुन्यातलं शिसं कुणाचं ते कळायला मार्ग नाही. वरचा विद्युतवाहक थर कार्बनचा द्या, सोन्याचा नको. सोन्याचं शिखर गंधकाच्या आणि शिशाच्या शेजारीच येतं.

किती कण पाहिले म्हणजे पुरे?

हिशेब करून पाहू. ५०० मिलिग्रॅम शिसं असलेला तोच डबा घ्या. सगळं शिसं गॅलेनात आहे असं धरलं, तर किलोभर मातीत गॅलेना भरेल सुमारे ५७७ मिलिग्रॅम. घनतेचा फरक लक्षात घेता आकारमानाने ते जेमतेम पाच हजारांत एक. म्हणजे सगळे कण सारख्या आकाराचे असतील तर ५,००० कणांमागे एक कण गॅलेनाचा. दहा फोटो काढून ‘शिसं आढळलं नाही’ असं लिहिणाऱ्या अहवालाचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. आणि दहा फोटोंत एक सुंदर गॅलेना मिळाला म्हणून सगळा डंप गॅलेनाचा ठरवणंही तितकंच चूक आहे.

म्हणून स्वयंचलित खनिजमोजणी आली. ऑस्ट्रेलियात विकसित झालेल्या क्वेमस्कॅन आणि एमएलए या पद्धतींत यंत्र रात्रभर आपणहून ठोकळ्यावर फिरतं, हजारो कणांचे वर्णपट घेतं आणि प्रत्येक धातूवाहक कण कितपत उघडा आहे तेही मोजतं. मुळात खनिज-प्रक्रियेत किती धातू वाया जातो हे पाहण्यासाठी त्या निघाल्या. वाया गेलेला धातू म्हणजेच पुढच्या पिढीचं प्रदूषण, त्यामुळे आमच्या कामाला त्या अचूक लागू पडतात.

ईडीएसमध्ये कॅडमियम दिसलंच नाही. म्हणजे नाही ना?

तसं म्हणता येत नाही. ईडीएसला साधारण ०.१ टक्क्याच्या, म्हणजे किलोमागे १,००० मिलिग्रॅमच्या खालचं दिसत नाही. कॅडमियम बहुधा स्फॅलेराइटमध्ये जस्ताच्या जागी थोडं थोडं शिरलेलं असतं, पुष्कळदा या मर्यादेखाली. ईपीएमए, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब हे यंत्र साधारण दहापट खाली जातं. त्याहूनही खाली जायचं तर लेझरने कणाचा ठिपकाभर भाग उडवून तो आयसीपी-एमएस या वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात मोजावा लागतो.

अहवालात ‘नाही’ असं लिहू नका. ‘मर्यादेच्या वर आढळलं नाही’ असं लिहा, आणि मर्यादा किती तेही लिहा.

क्रोमियम किंवा आर्सेनिक विषारी रूपात आहे का, हे कळेल?

मूलद्रव्य कळेल, त्याची संयुजा कळणार नाही. ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यात देशातलं जवळजवळ सगळं क्रोमाइट आहे. क्रोमाइटमधलं क्रोमियम त्रिसंयुजी असतं आणि घट्ट बसलेलं असतं. लोकांच्या पाण्याला भीती आहे ती षट्संयुजी क्रोमियमची. ईडीएसच्या वर्णपटात ही दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. फरक करायला क्ष-किरण शोषण वर्णपट लागतो, आणि त्याची सोय आपल्याकडे इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर आहे.

आर्सेनिकसाठी कॅनडातल्या यलोनाइफजवळची जायंट ही सोन्याची खाण अभ्यासावी. तिथलं सोनं आर्सेनोपायराइट असलेल्या खनिजात होतं. ते भट्टीत भाजलं जाई, आणि त्यातून निघालेली २,३७,००० टन आर्सेनिक ट्रायऑक्साइडची भुकटी आजही जमिनीखालच्या कोठड्यांत साठवलेली आहे. भट्टीतून निघालेले काही लोह-ऑक्साइडचे कण सूक्ष्मदर्शकाखाली सच्छिद्र दिसतात आणि त्यांच्यात आर्सेनिक अडकलेलं असतं. अशी वीण दिसली की हा कण खडकातून झिजून आलेला नाही, धुराड्यातून आला आहे, हे ओळखता येतं. आर्सेनिक मुळातच तिथल्या मातीत असतं की माणसाने आणलं, या वादात असा एक कण वजनदार ठरू शकतो.

टीईएम कधी लागतं?

टीईएम म्हणजे ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक; त्यात इलेक्ट्रॉन पातळ कापाच्या आरपार जातात. तो लागतो धातू मायक्रोमीटरपेक्षा लहान जागेत लपलेला असेल तेव्हा. एसईएमचा झोत खनिजात एक ते तीन मायक्रोमीटर पसरतो, त्यामुळे त्याहून लहान कणाच्या वर्णपटात शेजाऱ्याची भेसळ येते. गंजलेल्या टेलिंग्जमध्ये गोएथाइट आणि जॅरोसाइट या लोहाच्या खनिजांचे नॅनो आकाराचे स्फटिक असतात, आणि शिसं, आर्सेनिक त्यांच्यावर किंवा त्यांच्यात बसतं. अशा वेळी एफआयबीने, म्हणजे आयनांच्या बारीक झोताने, शंभरेक नॅनोमीटर जाडीचा काप काढून तो टीईएममध्ये बघतात. महाग आणि सावकाश काम आहे. एसईएमवर जागा नक्की केल्याशिवाय त्यात पडू नका.

शरीरात किती जाईल, हे चित्रावरून सांगता येईल?

एकट्या चित्रावरून नाही. त्याच चाळणीतला बारीक भाग ग्लायसिनच्या १.५ सामू असलेल्या द्रावणात ३७ अंशांवर तासभर ढवळून किती शिसं सुटतं ते मोजतात. जठराची ती नक्कल आहे. माझी विनंती असते की ढवळण्याआधीचे आणि नंतरचे कण दोन्ही एसईएमखाली आणा. कुठल्या कडा गेल्या आणि कुठले गाभे तसेच राहिले हे दिसलं, की आकड्यामागचं कारण सापडतं.

गोव्यातल्या डंपांसाठी हे उपयोगी आहे का?

आहे, पण वेगळी अपेक्षा ठेवून. गोव्यातलं खनिज लोहाचं. एक टन खनिजामागे अडीच-तीन टन टाकाऊ माती निघते, आणि पावसाळ्यात तिचा चिखल शेतांत उतरतो हे तिथल्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. त्या चिखलात हेमेटाइट, गोएथाइट, चिकणमाती आणि मँगनीजची ऑक्साइडं असतात. पिचरसारखे पांढरेशुभ्र ठिपके तिथे शोधत बसू नये. जड धातू असले तर ते बहुधा गोएथाइट आणि मँगनीज ऑक्साइडमध्ये पातळ पसरलेले असतात, ईडीएसच्या मर्यादेखाली. तिथे एसईएमचा खरा उपयोग कणांचा आकार मोजायला आणि मँगनीजचे थर शोधायला. धातूंसाठी टप्प्याटप्प्याने विरघळवण्याची रासायनिक पद्धत आणि टीईएम यांची जोड द्या.

उदयपूरजवळच्या जावरचा प्रश्नही येतो. तिथे गॅलेना आणि स्फॅलेराइट डोलोमाइट खडकात आहेत, म्हणून पिचरशी तुलना जास्त जुळते. जुन्या काळी जस्त गाळताना वापरलेल्या मातीच्या मुशींचे ढीगही तिथे आहेत. त्यांचा अभ्यास नव्या टेलिंग्जपासून वेगळा ठेवावा, कारण भट्टीतून गेलेल्या मालाची खनिजं निराळी असतात.

यंत्र कुठे मिळेल?

केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली उपकरणं आणि त्यांचे दर दिसतात, आणि तिथूनच वेळ मागता येते. ‘एसईएम आहे का’ एवढंच विचारू नका. बीएसई शोधक आहे का, व्होल्टेज २५ किलोव्होल्टपर्यंत नेता येतं का, ठोकळा पॉलिश करून मिळेल का, हेही विचारा. मातीचे नमुने घेतच नाहीत अशाही जागा असतात, कारण सुटी धूळ यंत्राच्या निर्वात कक्षात उडते. रेझिनमध्ये बसवलेला ठोकळा मात्र सहसा चालतो.

आम्ही गावकरी आहोत. अहवाल हातात आला तर त्यात काय बघायचं?

किती कण पाहिले आणि ते कसे निवडले. कुठल्या चाळणीतली माती होती. व्होल्टेज किती होतं. प्रत्येक ‘ओळखलेल्या’ खनिजाचा वर्णपट जोडला आहे का. चित्रावर मोजपट्टी आहे का. यातलं काही नसेल तर मागा; ते मागणं तुमचा हक्क आहे आणि देणाऱ्याला ते अवघड नाही. आणि नमुन्याचा अर्धा भाग आधीच वेगळ्या डब्यात सीलबंद करून, दोन जणांच्या सह्या घेऊन ठेवा. अहवालावर वाद झाला तर तोच भाग दुसऱ्या प्रयोगशाळेत जाईल.